राजधानीभोवतीची पडीक जमीन आणि पाण्याचा उलटा हिशेब

दिल्लीच्या चहूबाजूंनी पसरलेला राष्ट्रीय राजधानी प्रदेश सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. टोलेजंग इमारती आणि दुथडी वाहणारे महामार्ग हे त्याचे परिचित रूप असले, तरी या प्रदेशाचा मोठा भाग आजही शेतीचा आहे. हरियाणातील १४ जिल्हे, उत्तर प्रदेशातील मेरठ, बागपत, बुलंदशहर, मुझफ्फरनगर यांसारखे उसाचे जिल्हे, राजस्थानातील अलवर व भरतपूर आणि खुद्द दिल्लीतील नरेला, अलीपूर, कंझावला, नजफगढ या पट्ट्यांतील गावे त्यात मोडतात. या शेतीपुढील पाण्याचा प्रश्न मात्र सर्वत्र सारखा नाही. कर्नाल-पानिपतच्या भागात भूजल दरवर्षी खोल जात आहे. तेथून शंभर किलोमीटरच्या आत, रोहतक-झज्जरच्या शिवारात, तेच भूजल वर येऊन पिकांची मुळे कुजवीत आहे. दिल्लीच्या वेशीवर पाणी आणि माती दोन्ही असूनही जमीन पडून आहे. एकाच प्रदेशातील या तीन अवस्थांना एकच उपाय लागू करण्याचा मोह सरकारी योजनांना वारंवार होतो आणि तेथेच गणित चुकते.

दिल्लीची स्थिती थोडक्यात सांगता येते. १४८३ चौरस किलोमीटरच्या या राज्यात २०११च्या जनगणनेनुसार ग्रामीण क्षेत्र केवळ ३६९ चौरस किलोमीटर उरले होते. १९५१ मध्ये ३०४ असलेली ग्रामीण गावे ११२ वर आली होती. सन २००० च्या सुमारास अर्धा लाख हेक्टरांहून अधिक असलेले एकूण पिकाखालील क्षेत्र पुढील दोन दशकांत सुमारे ३५ हजार हेक्टरांपर्यंत घसरले. यातील बरीच जमीन प्रत्यक्षात सिमेंटखाली गेली. पण काही जमीन ना शेती ना शहर अशा त्रिशंकू अवस्थेत आहे. २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या जमीन एकत्रीकरण धोरणात दिल्लीच्या सीमेवरील सुमारे ९५ गावे येतात. उद्या ज्या शेतावर गृहसंकुल उभे राहणार अशी आशा आहे, त्या शेतात आज कोणी ठिबकच्या नळ्या अंथरत नाही, शेताला बांधही घालत नाही. १९५४च्या दिल्ली भूसुधार कायद्यातील तरतुदी हस्तांतरणावर आणि बिगरशेती वापरावर बंधने घालतात. दुसऱ्याला खंडाने जमीन दिल्यास ती हातची जाईल, ही जुनी भीती आहेच. महाराष्ट्रातील वाचकांना १९४८च्या कुळकायद्यानंतरची ही मनोवृत्ती नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. निती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला तो याच कारणाने. हरियाणाच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या धर्तीवर विधेयक संमत केले. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला पीककर्ज व नुकसानभरपाई मिळावी, असा त्यामागील हेतू आहे.

दिल्लीच्या पश्चिमेला गेल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. रोहतक, झज्जर, सोनीपतचा काही भाग आणि चरखी दादरी येथे जमीन पडीक राहण्याचे कारण कायदा नसून पाणी आहे, आणि तेही पाण्याची टंचाई नव्हे तर पाण्याचा साठा. या भूभागाची रचना बशीसारखी आहे. पावसाचे पाणी बाहेर वाहून जाण्यास पुरेसा उतार नाही. त्यात पश्चिम यमुना कालव्याचे जाळे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने काढलेल्या कालव्याची ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्ती केली आणि पुढे त्याचा विस्तार होत गेला. कालव्यातून आणि शेतातून झिरपणारे पाणी जमिनीखाली साठत राहिले. जेथे भूजल गोडे होते, तेथे शेतकऱ्यांनी कूपनलिका खोदून ते उपसले. रोहतक-झज्जरमध्ये ते मुळातच खारे असल्याने कोणी उपसले नाही. परिणामी पाण्याची पातळी वर चढत गेली. ती जमिनीपासून दीड मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. स्थानिक भाषेत या पाणथळ अवस्थेला ‘सेम’ म्हणतात. १९९५च्या सप्टेंबरमधील महापुरात रोहतक शहरासह हा सारा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा या बशीला तळाशी छिद्र नाही, ही गोष्ट देशाच्या ध्यानी आली.

हरियाणात पाणथळ व क्षारपड झालेल्या जमिनीचा राज्य शासनाने दिलेला आकडा नऊ लाख एकरांच्या पुढे आहे. तीव्र बाधित क्षेत्र त्याहून बरेच कमी असले, तरी प्रश्नाचा आवाका त्यावरून कळतो. देशपातळीवर क्षारबाधित जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर असल्याचा अंदाज आहे. या प्रश्नावर काम करणारी केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था १९६९ पासून कर्नालमध्ये, म्हणजे आजच्या राजधानी प्रदेशातच आहे. या संस्थेने दोन वेगळ्या व्याधींवर दोन वेगळे उपाय रूढ केले, आणि त्यांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तेथे जिप्सम टाकून, पाणी साठवून, भात घेऊन जमीन सुधारता येते. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील लाखो हेक्टर जमीन अशा रीतीने वहितीखाली आली. क्षारपड, पाणथळ जमिनीत मात्र जिप्समचा उपयोग नाही. तेथे साचलेले पाणी बाहेर काढणे हाच उपाय, आणि तो खर्चिक आहे.

यासाठीची सच्छिद्र पाइप निचरा पद्धत महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना परिचित आहे. जमिनीखाली दीड मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक खोलीवर, ठरावीक अंतराने, गाळणीचे आवरण असलेल्या भोके पाडलेल्या नळ्या पुरतात. त्यांत झिरपणारे पाणी मुख्य नळीतून निघून जाते आणि जाताना क्षार घेऊन जाते. कृष्णाकाठी शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने क्षारपड जमिनी सुधारण्याचे जे काम झाले, त्याचे तंत्र हेच. परंतु शिरोळला नदी खाली आहे, निचऱ्याचे पाणी उताराने जाऊ शकते. रोहतकच्या बशीत ते पाणी एका विहिरीत गोळा करून पंपाने उपसावे लागते आणि मग जवळच्या नाल्यात सोडावे लागते. १९९०च्या दशकात नेदरलँड्सच्या साह्याने सोनीपत जिल्ह्यातील गोहाना आणि कैथल जिल्ह्यातील कलायत येथे असे प्रकल्प उभारण्यात आले. पिकाविना पडून राहिलेल्या शेतांत काही हंगामांतच गहू आणि भात उभा राहिला. हरियाणात आतापर्यंत दहा हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्रावर ही व्यवस्था झाली आहे. पन्नास-साठ शेतकऱ्यांच्या गटाला एक पंप सामाईक असतो. प्रकल्प चालू असेतोवर डिझेलचा खर्च सरकार करते. नंतर तो गटाने करावा, अशी अपेक्षा. ज्याची जमीन उंचावर आहे, त्याला पंप चालला काय आणि बंद राहिला काय, सारखेच. ज्याची जमीन खोलगट आहे, तो एकटा खर्च पेलू शकत नाही. अनेक ठिकाणी नळ्या शाबूत आणि पंप बंद, असे चित्र त्यामुळेच दिसते. तंत्र सिद्ध झालेले असताना क्षेत्र वाढत नाही, याचे कारण अभियांत्रिकीत शोधून उपयोग नाही.

जेथे निचरा शक्य नाही, तेथे क्षार सोसणारे वाण हा मधला मार्ग आहे. कर्नालच्या संस्थेने भाताचे सीएसआर ३०, गव्हाचे केआरएल २१० आणि केआरएल २१३, मोहरीचे सीएस मालिकेतील वाण दिले. यांपैकी सीएसआर ३० हा बासमती वर्गातील असल्याने त्याला बाजारही आहे. मध्यम क्षारतेत जेथे नेहमीचा गहू पिवळा पडून बसतो, तेथे हे वाण बरे उत्पन्न देतात. तथापि, वाण क्षार सहन करतो, क्षार कमी करीत नाही. पाण्याची पातळी चढत राहिली तर एक दिवस त्याचीही मर्यादा येते.

खाऱ्या पाण्याकडे संकट म्हणून न पाहता साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्नही याच भागात झाला आहे. मुंबईच्या वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे एक केंद्र रोहतकजवळ लाहली येथे आहे. समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढविता येते, हे तेथे दाखवून देण्यात आले. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत या भूजलात पोटॅशची कमतरता असते. ती भरून काढल्यावर व्हॅनामी जातीची कोळंबी चांगली पोसते. पडीक शेतातून गव्हाच्या कित्येक पट मिळकत देणारा हा व्यवसाय हरियाणात फोफावला, त्याला २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचे अनुदानही मिळाले. त्यातील धोका उघड आहे. हंगाम संपल्यावर तळ्यातील खारे पाणी सोडायचे कोठे? ते शेजारच्या शेतात झिरपले, तर एकाच्या पडीक जमिनीचा प्रश्न सुटून दुसऱ्याची चांगली जमीन पडीक होते. तळ्यांची परवानगी देताना निचऱ्याची व्यवस्था पाहिली जाणे या कारणाने अगत्याचे आहे.

आता उत्तरेकडील गोड्या पाण्याच्या पट्ट्याकडे वळावे लागेल, कारण राजधानीच्या पाण्याचा आणि हवेचाही खरा पेच तेथे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या अलीकडच्या मूल्यांकनांनुसार हरियाणात दरवर्षी भरून निघणाऱ्या भूजलाच्या सुमारे १३५ टक्के उपसा होतो. राज्यातील निम्म्याहून अधिक गट अतिशोषित वर्गात आहेत. शेतीसाठी वीज युनिटला दहा पैसे दराने मिळते, भाताची हमीभावाने खरेदी निश्चित असते. अशा स्थितीत शेतकऱ्याने भात सोडावा, असे त्याला सांगणे म्हणजे त्याच्या व्यवहारबुद्धीला कमी लेखणे होय. महाराष्ट्रातही एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे; त्यामुळे या बाबतीत हरियाणाला उपदेश करण्याच्या स्थितीत आपण नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी हरियाणाने २००९ मध्ये कायदा केला. १५ मेपूर्वी भाताची रोपे टाकू नयेत आणि १५ जूनपूर्वी लावणी करू नये, अशी त्यातील तरतूद. तीव्र उन्हाच्या दिवसांत शेतात पाणी उभे ठेवण्याचे टळले, ही जमेची बाजू. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास मिळणारे दिवस कमी झाले. मग काडीपेटी हाती घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिवाय ऑक्टोबर अखेरीस हवा थंड व स्थिर झाल्याने धूर खालीच रेंगाळू लागला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने पाणी वाचविण्याचे हे धोरण आणि वायव्य भारतातील धुराचे वाढलेले प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला. पाण्याचे संकट सोडविताना हवेचे संकट गडद झाले. धुरास हा एकच कायदा जबाबदार आहे, असे मात्र नव्हे. कापणी यंत्रांचा प्रसार, मजुरीचे दर, आणि राजधानीची स्वतःची वाहने व बांधकामे यांचाही त्यात वाटा आहे.

यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे भाताची थेट पेरणी. चिखलणी नाही, तरवा नाही, लावणी नाही. वाफशावर आलेल्या जमिनीत यंत्राने बी पेरायचे आणि पहिले पाणी शक्यतो तीन आठवड्यांनी द्यायचे. विदर्भातील आवत्या भाताशी ओळख असलेल्यांना कल्पना नवी वाटणार नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बिहार-उत्तर प्रदेशातील मजूर येऊ शकले नाहीत, तेव्हा पंजाब-हरियाणातील अनेक शेतकऱ्यांनी नाइलाजाने ही पद्धत अवलंबिली. हरियाणा सरकारने पुढे एकरी ४००० रुपयांचे प्रोत्साहन दिले. तण ही या पद्धतीची मुख्य अडचण. उभ्या पाण्यात जे तण बुडून मरते, ते कोरड्या शेतात भाताच्या बरोबरीने वाढते. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने तणनाशक सहन करणारे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण त्यासाठी विकसित केले. एकाच तणनाशकावर वर्षानुवर्षे विसंबल्यास तणे त्याला सरावतात, हा अनुभव गव्हातील गुल्लीदंडा या तणाने याच प्रदेशाला दिलेला आहे. तेव्हा या वाणांचा वापर जपून व्हावा.

थेट पेरणीने पाणी वाचते, हे विधानही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. शेतात भरलेल्या पाण्याचा एक भाग पिकातून व मातीतून हवेत जातो, दुसरा खाली झिरपतो. कर्नालसारख्या गोड्या भूजलाच्या भागात झिरपलेले पाणी बऱ्याच अंशी पुन्हा भूजलालाच मिळते. तेथे झिरपणे थांबविले तर वीज वाचते, श्रम वाचतात. भूजलाची घसरण मात्र त्या प्रमाणात थांबत नाही. ती थांबवायची, तर हवेत उडून जाणारे पाणी कमी व्हायला हवे, म्हणजे पीक शेतात उभे राहण्याचे दिवस कमी व्हायला हवेत किंवा पीकच बदलायला हवे. रोहतक-झज्जरच्या खाऱ्या पट्ट्यात याच्या नेमके उलट आहे. तेथे झिरपलेला प्रत्येक थेंब वायाही जातो आणि सेमही वाढवितो. पाणी वाचविणाऱ्या पेरणीचा खरा लाभ, म्हणूनच, जेथे त्याची चर्चा कमी होते त्या भागात अधिक आहे. एकरी अनुदान मात्र दोन्हीकडे सारखेच.

कमी दिवसांच्या वाणांचे महत्त्व या हिशेबातून स्पष्ट होते. पंजाबात दीर्घकाळ लोकप्रिय असलेला पुसा ४४ हा वाण पक्व होण्यास १५५ ते १६० दिवस घेतो. २०१३ मध्ये पुसा संस्थेने दिलेला पुसा बासमती १५०९ सुमारे १२० दिवसांत येतो. तीस-चाळीस दिवस कमी म्हणजे तितक्या दिवसांचे बाष्पीभवन कमी आणि गव्हासाठी शेत लवकर मोकळे. पाणी आणि धूर या दोन्ही प्रश्नांवर एकाच वेळी लागू पडणारा हा उपाय आहे. अडचण बाजाराची आहे. बासमतीची सरकार हमीभावाने खरेदी करीत नाही. नरेलाच्या मंडीतील दर परदेशी मागणीवर ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीसाठी टनामागे १२०० डॉलरची किमान किंमत लावली, ती ऑक्टोबरमध्ये ९५० डॉलरवर आणली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. अशा निर्णयांची झळ पाणी वाचविणारा वाण पेरणाऱ्यालाच लागते. जाडा भात पेरणारा सुरक्षित राहतो.

पीकबदलासाठी हरियाणाने २०२० मध्ये ‘मेरा पानी मेरी विरासत’ ही योजना आणली. भाताऐवजी मका, कापूस, डाळी घेतल्यास किंवा शेत पडीक ठेवल्यासही एकरी ७००० रुपये देण्यात येऊ लागले. पाण्यासाठी शेत पडीक ठेवण्याचे पैसे एकीकडे, आणि पडीक शेत वहितीखाली आणण्याचा खर्च शंभर किलोमीटरवर दुसरीकडे. यात वरवर विसंगती दिसली तरी भूजलाच्या दृष्टीने दोन्ही योग्य आहेत. शेतकऱ्याचा आक्षेप निराळा आहे. मक्याला हमीभाव जाहीर होतो, पण तो भाव देणारा खरेदीदार मंडीत असतोच असे नाही. अनुदान त्या अनिश्चिततेची भरपाई करीत नाही.

लेझर यंत्राने शेत सपाट करण्याचे साधे काम यापेक्षा अधिक वेगाने पसरले, हे उल्लेखनीय आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात या शतकाच्या आरंभी आलेले हे यंत्र आता भाड्याने गावोगाव मिळते. हरियाणा व पंजाबातील पाहणीत भातासाठी पंप चालविण्याचा वेळ हेक्टरी हंगामाला ४७ ते ६९ तासांनी घटल्याचे आणि उत्पन्न सुमारे सात टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यासाठी शेतकऱ्याला पीक बदलावे लागले नाही, बाजार शोधावा लागला नाही, शेजाऱ्याशी पंपाच्या खर्चावरून वादही घालावा लागला नाही.

दक्षिणेकडे, अरवलीच्या पायथ्याशी, पाऊस कमी आणि जमीन उताराची. अलवर जिल्ह्यात १९८५ नंतर राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघ यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी जोहड, म्हणजे मातीचे बंधारे, पुन्हा उभारले. विहिरींना पाणी आले, ओसाड शेते पेरली जाऊ लागली आणि अरवरी नदी वाहू लागली. नदीत पाणी दिसताच राज्याच्या मत्स्य विभागाने मासेमारीचा ठेका दिला. ग्रामस्थांनी त्याला विरोध केला आणि त्यातूनच सुमारे ७० गावांची अरवरी संसद स्थापन झाली. तिने ऊस आणि भात यांवर बंदी घातली. हिवरे बाजारने घेतलेल्या निर्णयांची आठवण व्हावी, असे हे पाऊल होते. बंधाऱ्यांचे कौतुक बरेच झाले. पिकांवरील बंदी त्याहून महत्त्वाची होती, कारण पाणी वाढले की उपसा वाढतो. अरवरी खोऱ्याच्या पुढील जलशास्त्रीय अभ्यासांत वर अडविलेल्या पाण्यामुळे खालच्या बाजूचा प्रवाह घटतो, हेही दिसून आले आहे. वरच्या गावाची बचत आणि खालच्या गावाची तूट यांचा मेळ घालणारी यंत्रणा अजून कोणत्याही राज्यात नीट बसलेली नाही.

राहिला प्रश्न शहराच्या सांडपाण्याचा. दिल्ली आणि गुरुग्राम रोज जितके पाणी वापरून सोडून देतात, त्यावर प्रक्रिया करून ते शेतीला दिल्यास भूजलावरील भार हलका होईल, हा विचार कागदावर निर्दोष आहे. व्यवहारात प्रक्रियेचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. यमुनेच्या पूरक्षेत्रातील दूषित पाण्यावर भाजीपाला पिकविण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली, ती भाज्यांत जड धातू उतरत असल्याच्या चिंतेने. कसणारे बहुतेक खंडकरी होते. त्यांना पर्यायी जमीन देणे कोणाच्याही जबाबदारीत बसले नाही. गुरुग्रामच्या धनवापूर केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी नाल्यावाटे झज्जर जिल्ह्यातील शेतीपर्यंत नेण्याची योजना हरियाणाने आखली आहे. पाण्याची उणीव असलेल्या गावांना ते उपयुक्तच ठरेल. मात्र याच जिल्ह्याच्या खोलगट भागांत पाण्याची पातळी आधीच जमिनीलगत आहे. तेथे नवे पाणी पोहोचण्यापूर्वी जुने पाणी बाहेर काढणारे पंप चालू झाले नाहीत, तर सेमग्रस्त एकरांच्या यादीत भर पडेल.